संप्रेरक-उपचारांची वर्षे : उपद्रव आणि उपाय

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांपैकी जो भाग सर्वांच्या नजरेत भरतो, तो शस्त्रक्रियेचा, रसायनोपचाराचा आणि किरणोपचाराचा. या काळात घरातील माणसे रुग्णाच्या अवतीभवती असतात, नातलग भेटीस येतात, शेजारी विचारपूस करतात. सहा-आठ महिन्यांनी हे सारे आटोपते. डोक्यावर पुन्हा केस येऊ लागतात आणि सर्वांना वाटते की, आजार संपला. अनेक स्त्रियांच्या बाबतीत मात्र याच वेळी उपचारांचा सर्वांत दीर्घ टप्पा सुरू होत असतो. रोज एक लहानशी गोळी, पाच वर्षे. काहींच्या बाबतीत दहा वर्षे. या गोळीसाठी रुग्णालयात राहावे लागत नाही, सलाईन लावावी लागत नाही. त्यामुळे तिला उपचार म्हणून फारसे महत्त्व दिले जात नाही, आणि तिच्यामुळे होणाऱ्या त्रासालाही दिले जात नाही.

उदाहरणादाखल आपण एका शिक्षिकेची कल्पना करू. वय बावन्न. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली, पुढील उपचार पार पडले आणि लेट्रोझोल नावाची गोळी सुरू झाली. तिसऱ्या महिन्यापासून सकाळी उठताना बोटे आखडलेली असतात. कणीक मळताना मनगट दुखते, जमिनीवर मांडी घालून बसले की उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. रात्री दोनदा-तीनदा अंगाची लाही होऊन जाग येते. ती हे कोणास सांगत नाही. डॉक्टरांची वेळ पाच मिनिटांची, बाहेर पन्नास माणसे खोळंबलेली. आणि “कर्करोगातून वाचलात, मग एवढे काय” हे वाक्य तिने आधीच ऐकलेले असते. एके दिवशी गोळ्यांची पट्टी संपते आणि ती नवी आणत नाही. आठ-पंधरा दिवसांत बोटे मोकळी होऊ लागतात. तिला बरे वाटते. पुढच्या तपासणीच्या वेळी “गोळ्या चालू आहेत ना?” या प्रश्नाला ती “हो” म्हणते.

ही शिक्षिका काल्पनिक असली तरी तिची गोष्ट अपवादात्मक नाही. अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या औषधनोंदींचा अभ्यास करण्यात आला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, संप्रेरक-उपचार सुरू केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्याच स्त्रियांनी तो ठरलेल्या मुदतीपर्यंत व ठरल्याप्रमाणे नियमित घेतला. उपद्रव सहन न होणे हे असे घडण्याचे एक प्रमुख कारण समजले जाते. म्हणूनच या प्रकरणात आपण प्रथम हे औषध कसे कार्य करते ते पाहू, त्यावरून त्याचे उपद्रव का होतात ते समजून घेऊ, आणि मग प्रत्येक उपद्रवावर काय करता येते याचा विचार करू.

कुलूप आणि किल्ली

‘संप्रेरक’ हा शब्द मराठीत ‘हॉर्मोन’ या शब्दासाठी योजला जातो. मूळ शब्द ग्रीक धातूवरून १९०५ साली इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी प्रचारात आणला. चालना देणे, प्रेरणा देणे असा त्या धातूचा अर्थ आहे. संप्रेरक एका ग्रंथीत तयार होते, रक्तावाटे दूर जाते आणि तेथील पेशींना विशिष्ट कामाची प्रेरणा देते. स्त्रीच्या बीजांडकोशात तयार होणारे इस्ट्रोजेन हे असेच एक संप्रेरक होय.

या संप्रेरकाचा व स्तनाच्या कर्करोगाचा संबंध आहे, हे त्याचा शोध लागण्यापूर्वीच एका शल्यविशारदाच्या लक्षात आले होते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील जॉर्ज टॉमस बीटसन यांनी दुग्धनिर्मितीचा अभ्यास केला होता. गाय व्याल्यानंतर तिचे दूध टिकून राहावे म्हणून काही देशांत तिचे बीजांडकोश काढून टाकण्याची रीत आहे, हे त्यांना ठाऊक होते. बीजांडकोशाचा स्तनाच्या पेशींवर ताबा चालत असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. १८९५ साली, रोग पुन्हा उलटलेल्या एका तेहेतीस वर्षांच्या स्त्रीचे बीजांडकोश त्यांनी काढले आणि काही महिन्यांत तिच्या गाठी विरल्या. १८९६ साली त्यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला. इस्ट्रोजेनची ओळख मात्र १९२३ नंतरच्या संशोधनातून पटत गेली.

इस्ट्रोजेन साऱ्या शरीरात फिरत असताना काहीच पेशी त्याला प्रतिसाद का देतात, याचा उलगडा अमेरिकेत शिकागो येथील एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनातून झाला. प्रतिसाद देणाऱ्या पेशींत इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे एक प्रथिन असते. त्याला ‘ग्राही’ म्हणतात. ग्राही म्हणजे कुलूप व इस्ट्रोजेन म्हणजे किल्ली असे मानले, तर किल्ली कुलपात फिरली की पेशीला वाढीचा संदेश मिळतो. स्तनातून काढलेल्या गाठीची तपासणी करताना तिच्या पेशींत हे ग्राही आहेत की नाहीत ते पाहिले जाते. असल्यास गाठ ‘ग्राही-सकारात्मक’ ठरते. पाश्चात्त्य देशांत बहुसंख्य गाठी या प्रकारच्या असतात. भारतात त्यांचे प्रमाण काहीसे कमी आढळते. संप्रेरक-उपचार उपयोगी पडतो तो याच प्रकारात. ग्राही नसतील, तर या गोळ्यांचा लाभ नाही.

वाढीचा हा संदेश दोन मार्गांनी थांबविता येतो. पहिला मार्ग म्हणजे कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवणे. टॅमॉक्सिफेन हे औषध हेच करते. इंग्लंडमधील चेशायर येथील एका औषधनिर्मिती संस्थेच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ महिलेने १९६२ साली ते तयार केले. आर्थर वॉलपोल यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे संततिप्रतिबंधक औषधाचा शोध चालला होता. त्या कामी टॅमॉक्सिफेन निरुपयोगी ठरले. स्त्रियांत ते उलट बीजविमोचनाला चालना देते असे दिसले. मँचेस्टर येथे मेरी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगावर ते वापरून पाहिले आणि १९७१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७३ साली ब्रिटनमध्ये व १९७७ साली अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

दुसरा मार्ग म्हणजे किल्लीच तयार होऊ न देणे. पाळी गेल्यानंतर बीजांडकोशांचे काम थांबते. तरीही अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या काही द्रव्यांपासून चरबीत व स्नायूंत थोडे इस्ट्रोजेन तयार होतच राहते. ‘ॲरोमाटेज’ नावाचे एक विकर हे रूपांतर घडवून आणते. ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल व एक्झिमेस्टेन ही औषधे या विकराला निष्क्रिय करतात. १९९५ ते १९९९ या काळात ती अमेरिकेत मान्य झाली. ज्यांची पाळी अद्याप चालू आहे, अशा स्त्रियांना ही औषधे एकटी दिली जात नाहीत. बीजांडकोशांचे काम इंजेक्शनाने अथवा शस्त्रक्रियेने थांबवूनच ती द्यावी लागतात.

या उपचारांचे फळ किती? जगभरच्या चाचण्यांची एकत्र छाननी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ग्राही-सकारात्मक रोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पुढील पंधरा वर्षांतील स्तनकर्करोगाच्या मृत्यूंत सुमारे एकतृतीयांश घट होते. ॲरोमाटेज-रोधकांचा लाभ पाळी गेलेल्या स्त्रियांत याहून किंचित अधिक आढळतो. आपली शिक्षिका पट्टी आणत नाही तेव्हा ती काय गमावते, ते या आकड्यावरून ध्यानात येईल. ते तिला कोणी समजावून सांगितलेले नसते. आणि तिच्या त्रासावर उपाय आहेत, हेही सांगितलेले नसते.

उपद्रव का होतात

इस्ट्रोजेनचे कुलूप केवळ स्तनात नसते. मेंदू, हाडे, सांधे, गर्भाशय, योनिमार्ग, रक्तवाहिन्या या साऱ्यांत ते असते. कर्करोगाच्या पेशींपासून संप्रेरक तोडले की या सर्व ठिकाणीही ते तुटते. पाळी जाताना स्त्रीला जे सोसावे लागते, तेच येथे पुन्हा आणि अनेकदा एकाएकी सोसावे लागते. चाळिशीच्या आतील स्त्रीवर हा प्रसंग अकाली येतो, म्हणून तिला त्याची तीव्रता अधिक जाणवते.

टॅमॉक्सिफेनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही किल्ली स्तनाच्या कुलपात फिरत नाही, पण गर्भाशयात व हाडांत थोडीफार फिरते. त्यामुळे पाळी गेलेल्या स्त्रीची हाडे टॅमॉक्सिफेनने जपली जातात. परंतु गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ शकते. ॲरोमाटेज-रोधकांचे नेमके उलट आहे. गर्भाशयास धोका नाही, पण हाडे झिजतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ॲनास्ट्रोझोल व टॅमॉक्सिफेन यांची तुलना साडेपाच वर्षांहून अधिक काळ करण्यात आली. अस्थिभंग ॲनास्ट्रोझोल घेणाऱ्यांत शंभरांपैकी ११ जणींना झाला, तर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत सुमारे ८ जणींना. शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण अनुक्रमे शंभरात सुमारे ३ व साडेचार होते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हजार स्त्रियांमागे अनुक्रमे २ व ८ जणींना झाला. सांधेदुखी ॲनास्ट्रोझोल घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे ३६ जणींनी सांगितली. पण टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या २९ जणींनीही सांगितली. यावरून दोन बोध घेता येतात. एक, गंभीर उपद्रव बहुसंख्य स्त्रियांना होत नाहीत. दुसरा, प्रत्येक दुखणे गोळीमुळेच असते असेही नाही. वयाचा, श्रमाचा व आधीच्या उपचारांचाही त्यात वाटा असतो.

अंगाची लाही व रात्रीचा घाम

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान राखतो. तापमानात होणारे लहानसहान चढउतार तो सामान्यतः खपवून घेतो. इस्ट्रोजेन कमी झाले की ही सहनशीलता आक्रसते. तापमान किंचित वाढले तरी हायपोथॅलॅमस त्याला अतिउष्णता समजतो; त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा व छाती लाल होते, हृदयाची धडधड वाढते व दरदरून घाम सुटतो. पाठोपाठ थंडी वाजते. हा सारा प्रकार काही मिनिटांत संपतो, परंतु रात्रीतून तीन-चारदा झाला तर झोपेचे खोबरे होते आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा, चिडचिड व विसराळूपणा यांचे मूळ पुष्कळदा त्यातच असते.

पहिला उपाय म्हणजे कारणांचा शोध. एका लहान वहीत दोन आठवडे नोंद ठेवावी : लाही केव्हा आली, त्यापूर्वी काय खाल्ले-प्यायले, कोठे होतो, मनःस्थिती कशी होती. काहींना कढत चहाने, काहींना तिखट जेवणाने, काहींना स्वयंपाकघरातील उष्णतेने, तर काहींना घाईने अथवा काळजीने लाही येते. कारण सापडले की ते टाळता येते. सुती व सैल कपडे, एकावर एक पातळ वस्त्रे म्हणजे एक काढता येईल अशी सोय, उशाशी माठातील पाण्याचा तांब्या व ओला रुमाल, पंख्याचा झोत. हे उपाय साधे आहेत, पण उपयोगी आहेत. उत्तर व मध्य भारतातील मे महिन्यात त्यांची मर्यादा लौकर जाणवते, हेही खरे. त्या दिवसांत झोपण्याची जागा बदलणे, गच्चीवर अथवा वाऱ्याच्या खोलीत निजणे, आणि स्वयंपाकाचे काम पहाटे उरकणे अथवा घरातील इतरांनी ते उचलणे, एवढे तरी करता येते.

दुसरा उपाय मनाच्या मार्गाने जातो. इंग्लंडमध्ये स्तनकर्करोगाच्या उपचारांनंतर लाहीचा त्रास होणाऱ्या स्त्रियांचे छोटे गट करून त्यांना आठवड्यातून एकदा दीड तास, असे सहा आठवडे शिकविण्यात आले. लाही आली की मनात जे विचार उठतात ते कसे ओळखावे, श्वास संथ कसा करावा, झोप मोडल्यावर काय करावे, हे त्यात होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लाहींची संख्या फारशी बदलली नाही, पण त्यांचा जाच लक्षणीय कमी झाला. “सगळे माझ्याकडे पाहत आहेत” या विचाराने लाही अधिक असह्य होते. तो विचार सोडता आला, तर लाही येते व जाते.

तिसरा उपाय औषधांचा. व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन, ऑक्सिब्युटिनिन ही संप्रेरकरहित औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने उपयोगी पडतात. मात्र येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर एका विशिष्ट विकराच्या साहाय्याने अधिक प्रभावी रूप धारण करते. नैराश्यावरील पॅरॉक्सेटिन व फ्लुऑक्सेटिन ही औषधे त्या विकरालाच अडवितात. म्हणून टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीने कोणतेही नवे औषध सुरू होताना आपण ही गोळी घेतो हे आवर्जून सांगावे.

पाळी गेलेल्या इतर स्त्रियांना लाहीसाठी कधीकधी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या जातात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीला त्या वर्ज्य आहेत. स्वीडनमधील एक चाचणी २००३ साली मध्येच थांबवावी लागली. कारण अशा गोळ्या घेणाऱ्यांत रोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले.

आखडलेले सांधे

ॲरोमाटेज-रोधक घेणाऱ्या स्त्रिया सर्वाधिक तक्रार करतात ती सांध्यांची. बोटे, मनगटे, गुडघे, घोटे सकाळी आखडलेले असतात व हालचाल सुरू झाली की हळूहळू मोकळे होतात. आपल्याकडे जमिनीवर बसणे, उकिडवे बसून काम करणे, हाताने कपडे पिळणे हे रोजचे असल्याने हा त्रास अधिक जाणवतो. दुखते म्हणून हालचाल कमी करावी असे स्वाभाविकपणे वाटते. परंतु अनुभव याच्या उलट आहे. अमेरिकेत १२१ स्त्रियांवर वर्षभर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यात दीडशे मिनिटे भरभर चालणे व दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, असा क्रम ठेवण्यात आला. व्यायाम करणाऱ्यांच्या वेदनेची तीव्रता सुमारे २९ टक्क्यांनी उतरली. इतरांची जवळपास होती तेथेच राहिली.

दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा-अर्धा तास. प्रारंभी दहा मिनिटे चालावे व दर आठवड्यास थोडी वाढ करावी. बळाच्या व्यायामासाठी पाण्याने भरलेल्या बाटल्या पुरतात. ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली, त्या हाताला सूज असल्यास मात्र आधी विचारून घ्यावे. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची उघडझाप केली असता आखडलेपणा लौकर जातो. कणीक मळणे, दळणाचा डबा उचलणे यांसारखी कामे काही दिवस घरातील दुसऱ्या व्यक्तीने करणे यात कमीपणा नाही. वेदनाशामक गोळ्या, ड्युलॉक्सेटिन, सूचिकाचिकित्सा यांचाही काहींना लाभ होतो. कोणते उपयुक्त ते डॉक्टरांनी ठरवावे.

एवढे करूनही दुखणे असह्य राहिले, तर औषध बदलता येते. ही गोष्ट अनेक स्त्रियांना ठाऊकच नसते. लेट्रोझोल सोसत नसेल तर ॲनास्ट्रोझोल अथवा एक्झिमेस्टेन, आणि तेही सोसत नसेल तर टॅमॉक्सिफेन, असा बदल डॉक्टर करू शकतात. कधी ते दोन-चार आठवडे गोळी थांबवून पाहतात व मग दुसरी सुरू करतात. गुपचूप गोळी सोडणे आणि सांगून गोळी बदलून घेणे यांत हाच फरक आहे : पहिल्या प्रकारात त्रास जातो व संरक्षणही जाते; दुसऱ्यात त्रास कमी होण्याची संधी मिळते व संरक्षण राहते.

हाडांची झीज

सांधे दुखून स्वतःची जाणीव देतात; हाडे मात्र मुकाट्याने झिजतात. म्हणून ॲरोमाटेज-रोधक सुरू करताना व पुढे एक-दोन वर्षांच्या अंतराने अस्थिघनतेची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी क्ष-किरणांच्या अल्प मात्रेने होते व तिला वेदना नसते. आहारातून दिवसाला सुमारे १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम व पेलाभर दुधात सुमारे २५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दही, तीळ व पालेभाज्या यांतूनही ते मिळते. भारतात ऊन भरपूर असूनही ड जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते, म्हणून त्याची रक्ततपासणी करून घेणे श्रेयस्कर. हाडे अधिक विरळ झाली असल्यास सहा महिन्यांनी एकदा द्यावयाची झोलेड्रोनिक आम्लाची किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शने असतात. ती सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी. आणि डेनोसुमॅब मध्येच आपल्या मनाने बंद करू नये, कारण त्यानंतर मणक्यांचे अस्थिभंग होण्याचा संभव असतो.

ज्यांविषयी बोलले जात नाही

योनिमार्ग कोरडा पडणे, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे, इच्छा मंदावणे, लघवीला जळजळ होणे. हे उपद्रव वारंवार होतात आणि त्यांविषयी सर्वांत कमी बोलले जाते. स्त्री डॉक्टरांना सांगत नाही, डॉक्टर विचारीत नाहीत, आणि पतीला वाटते की ती दुरावली. येथे पहिला उपचार म्हणजे पतीला कारण समजणे. हा गोळीचा परिणाम आहे, प्रेम आटल्याचा नव्हे, एवढे त्याला कळले तरी निम्मे ओझे उतरते. औषधांच्या दुकानात पाण्यावर आधारलेली वंगणे मिळतात. ती संबंधाच्या वेळी वापरावयाची असतात. ओलावा टिकविणारी मलमे आठवड्यातून दोन-तीनदा नियमित वापरावी लागतात. इस्ट्रोजेन असलेले मलम मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज वापरू नये.

टॅमॉक्सिफेन घेताना पाळी अनियमित होऊ शकते अथवा थांबते, पण म्हणून गर्भ राहणार नाही असे समजू नये. हे औषध गर्भाला घातक आहे. संप्रेरक नसलेली गर्भनिरोधक साधनेच वापरावीत. ज्या तरुण स्त्रीला मूल हवे आहे, तिने निराश होण्याचे कारण नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दीड ते अडीच वर्षे उपचार घेऊन नंतर गर्भधारणेसाठी तो दोन वर्षांपर्यंत थांबविलेल्या स्त्रियांत, सुमारे साडेतीन वर्षांच्या अवधीत रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. त्याहून दीर्घ काळाचे निष्कर्ष २०२३ साली हाती आलेले नव्हते. म्हणून हा निर्णय तज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

कोणती लक्षणे अंगावर काढू नयेत

आपल्या समाजात दुखणे अंगावर काढणे हा सद्गुण मानला जातो. पुढील लक्षणांच्या बाबतीत तो सद्गुण नाही. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाऊ लागणे, मग ते थोडे का असेना, हे डॉक्टरांना लगेच दाखवावे. थोडे पांढरे जाणे टॅमॉक्सिफेनने होऊ शकते. रक्त जाणे मात्र तपासलेच पाहिजे. एकाच पायाची पोटरी सुजणे व दुखणे, एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे ही रक्ताची गुठळी झाल्याची चिन्हे असू शकतात. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे ही पक्षाघाताची. अशा वेळी रात्र आहे, सुट्टी आहे, असा विचार न करता जवळच्या रुग्णालयात जावे. दृष्टी अंधूक होऊ लागल्यास डोळे तपासावेत. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ते तेथील डॉक्टरांना सांगावे, आणि आगगाडीच्या दीर्घ प्रवासात अधूनमधून उठून चालावे व पाणी पीत राहावे.

झाडपाल्याची औषधे निरुपद्रवीच असतात, अशी समजूत आहे. ती बरोबर नव्हे. काही वनस्पतींत इस्ट्रोजेनसारखी कार्य करणारी द्रव्ये असतात. एका लहान अभ्यासात हळदीच्या अर्काच्या गोळ्यांमुळे रक्तातील टॅमॉक्सिफेनची पातळी घटलेली आढळली. भाजीतील हळद व आहारातील सोयाबीन यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. अर्क व गोळ्या यांविषयी मात्र आधी विचारावे.

रोजची गोळी

गोळीची वेळ एकच ठेवावी. झोप मोडत असेल तर सकाळी, मळमळत असेल तर रात्री. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल व ॲनास्ट्रोझोल या गोळ्या उपाशीपोटी अथवा जेवणानंतर, कशाही चालतात. एक्झिमेस्टेन जेवणानंतर घ्यावी. म्हणून एकादशीच्या अथवा नवरात्रीच्या उपवासासाठी गोळी चुकविण्याची गरज नाही. रमजानमध्ये ती सूर्यास्तानंतर इफ्तारच्या वेळी घेता येते. एखादी गोळी विसरल्यास दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. नेहमीची एकच घ्यावी. पट्टी संपण्यापूर्वी आठवडाभर नवी आणून ठेवावी.

डॉक्टरांची पाच मिनिटे पुरत नाहीत, ही अडचण खरी आहे. म्हणून वर सांगितलेली वही सोबत न्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर तीनच ओळी लिहून न्याव्यात : सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, तो किती दिवसांपासून आहे, आणि त्यामुळे कोणते काम करता येत नाही. “सांधे दुखतात” या वाक्यापेक्षा “फळ्यावर लिहिण्यासाठी खडू धरता येत नाही” हे वाक्य डॉक्टरांना पुष्कळ अधिक सांगते. आणि गोळ्या थांबविल्या असतील, तर चौथी ओळ तीच असावी. ती लिहिण्यात अपराधाचे काही नाही. कोणत्या दिवसापासून थांबविल्या हे कळले, तरच पुढचा मार्ग ठरविता येतो, आणि पुन्हा सुरुवात करण्यास बहुधा उशीर झालेला नसतो.

आपल्या शिक्षिकेच्या घरच्या माणसांनाही येथे एक काम आहे. दोन वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या बाकावर जे तिच्याबरोबर बसले होते, त्यांच्यापैकी एकाने तिच्याबरोबर पुन्हा एकदा जावे. “गोळी घेतलीस का?” एवढेच विचारणे पुरेसे नाही, तो प्रश्न कालांतराने चौकशीसारखा वाटू लागतो. “रात्री झोप लागली का, आज बोटे कशी आहेत?” असेही विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर ती खरे देईल, अशी आशा धरण्यास जागा आहे.